ॲप सोपं आहे, मग रांग का हटत नाही? (युजेबिलिटी आणि युएक्स)

मधुमालती · शनिवार, दुपारी ३.१०

मंडळी, मागे गप्पांच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं की युजेबिलिटी (वापरायला किती सोपं) आणि युएक्स (युझर एक्स्पीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याला येणारा अनुभव) यांत फरक काय. खाली चौघांनी "एकच हो, नाव नवीन" असं म्हणून विषय मिटवला. मला तेव्हाच लिहायचं होतं, पण घरी पाहुणे होते.

मी वेबसाइट आणि ॲपच्या चाचण्या घेते. कोड तपासत नाही. माणसांना समोर बसवून "हे एवढं करून दाखवा" म्हणते आणि ती कुठे अडखळतात ते गप्प बसून बघते. यात अवघड काही असेल तर ते गप्प बसणं.

गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या ॲपचं काम होतं. गाव सांगत नाही. सभासद बहुतेक पन्नाशीपुढचे. जुनं ॲप म्हणजे छळ होता. खाते क्रमांक दोनदा टाका, आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, हाताने टाका. त्या आयएफएससीत पाचवी जागा कायम शून्याची असते, पण हे लोकांना सांगणार कोण? निम्मे लोक इंग्रजी ओ टाकायचे आणि ॲप नुसतं "चुकीची माहिती" म्हणायचं. त्यात ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की परत येईपर्यंत सगळा फॉर्म कोरा.

आम्ही हे सगळं निस्तरलं. अक्षरं मोठी केली, एकदा पैसे पाठवलेली माणसं नावानिशी वर आणली, ओ टाकला तर त्याचा गुपचूप शून्य करून टाकला. पाच सभासदांना बसवून चाचणी घेतली. पाचही जणांनी कुणाला न विचारता पैसे पाठवले. एका काकांनी तर समोरचा चहा निवायच्या आत. मी खुशीत अहवाल दिला, बिल लावलं.

तीन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच शाखेत गेले, तर रांग होती तेवढीच. आणि रांगेत ते चहावाले काका, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.

"काका, ॲप बंद पडलं का?"
"छे हो, झकास चालतंय. सकाळीच पाठवले पोराला."
"मग?"
"गेले का ते बघायला आलोय."

ॲपने हिरवी खूण दाखवली होती, "व्यवहार यशस्वी" म्हटलं होतं, बारा आकडी संदर्भ क्रमांकही दिला होता. पण पासबुकावर ओळ उमटल्याशिवाय पैसे गेले असं काकांना वाटतच नव्हतं. बटण दाबल्यापासून ती ओळ छापून मिळेपर्यंतचे चार तास, मधली धाकधूक, रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे हे सगळं त्यांच्या हिशेबात पैसे पाठवण्याचाच भाग होतं. माझ्या हिशेबात काम हिरव्या खुणेला संपलं होतं.

मला फरक कळला तो तिथे. पुस्तकातून आधी वाचलेला होताच. युजेबिलिटीचे जाणकार जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये युजेबिलिटीचे पाच निकष मांडले. पहिल्यांदा शिकायला किती सोपं, शिकल्यावर किती झटपट होतं, मध्ये खंड पडला तर आठवतं का, चुका किती होतात आणि त्यातून बाहेर पडता येतं का, आणि वापरताना बरं वाटतं का. आमचं ॲप यात चांगल्या मार्कांनी पास होतं. त्याच १९९३ साली डिझाइनवर लिहिणारे डॉन नॉर्मन ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हुद्द्यातच 'युझर एक्स्पीरियन्स' हे शब्द घालून घेतले. कारण त्यांना इंटरफेस आणि युजेबिलिटी हे शब्द तोकडे वाटत होते. वस्तू खोक्यातून काढण्यापासून तिच्या माहितीपुस्तिकेपर्यंत सगळं त्यांना त्यात हवं होतं.

मी क्लायंटला समजावताना मंगल कार्यालय घेते. हात धुवायची जागा न विचारता सापडली, ताट घेऊन उभं राहायला लागलं नाही, चपला जागेवर मिळाल्या, ही झाली सोय. पण दारात कुणी "या" म्हटलं नाही, पंगतीत कुणी "अजून एक जिलबी" म्हणून आग्रह केला नाही, तर घरी येऊन आपण "सोय चांगली होती हो" एवढंच म्हणतो आणि त्या 'हो'मध्ये सगळं येतं. युजेबिलिटी म्हणजे सोय, युएक्स म्हणजे पाहुणचार.

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या. सोय आहे पण अनुभव वाईट, किंवा उलटं, दोन्ही चालतील.

---

टिंबटिंब · शनिवार, दुपारी ३.२२

पहिली खुर्ची माझी. वाचतोय.

---

स्क्रू_ढिला · शनिवार, दुपारी ४.०५

काका भारी आहेत, पण मुद्दा पटला नाही.

पंधरा वर्षं याच धंद्यात आहे. आधी वेब डिझायनर होतो, मग युआय डिझायनर, मग युएक्स डिझायनर, आता प्रॉडक्ट डिझायनर. दरवेळी पगार थोडा वाढला, काम तेच: बटण डावीकडे की उजवीकडे. तेव्हा "एकच हो, नाव नवीन" म्हणणारे फारसे चुकले नाहीत.

दुसरं, तुम्ही ज्याला अनुभव म्हणताय ती मला सरळ सरळ युजेबिलिटीतलीच चूक दिसते. नील्सन यांचाच दाखला द्यायचा तर १९९४ ची त्यांची दहा तत्त्वं घ्या. त्यात पहिलंच काय आहे? काय चाललंय ते वापरणाऱ्याला वेळेवर कळलं पाहिजे. काकांना कळलं नाही, म्हणजे पहिल्याच तत्त्वात तुम्ही नापास. नवीन शब्द कशाला हवा?

---

मधुमालती · शनिवार, दुपारी ४.४०

@स्क्रू_ढिला, पगाराबद्दल मौन पाळते. :)

पण काकांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी मला तो क्रमांक वाचून दाखवला, वेळ सांगितली, रक्कम सांगितली. कळलं होतं, भरवसा बसला नव्हता. त्यांच्या लेखी पैसे म्हणजे पासबुकातली ओळ, आणि ती सवय तीस-चाळीस वर्षांची. माझ्या पडद्यावर मी कितीही मोठी हिरवी खूण काढली असती तरी ते आलेच असते. पडद्यात चूक असती तर पडद्यातच दुरुस्त करता आली असती.

---

कोयनाकाठ · शनिवार, संध्याकाळी ६.१५

व्याख्यांचा किडा असल्यामुळे दोन शब्द.

दोन्ही संकल्पना आंतरराष्ट्रीय मानकांत आहेत. आयएसओ ९२४१ या मालिकेच्या ११ व्या भागात युजेबिलिटी येते. तो १९९८ चा, पुढे २०१८ मध्ये सुधारला. ठरावीक लोकांनी, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत वस्तू वापरली तर काम किती पुरं होतं, किती कष्टात होतं आणि समाधान किती मिळतं, अशी तीन अंगं त्यात आहेत. 'ठरावीक' हा शब्द मुद्दाम तीनदा लिहिला. कारण "हे ॲप युजेबल आहे" या वाक्याला तसा अर्थच नाही. कुणासाठी, कशासाठी, कुठे बसून, हे सांगितल्याशिवाय ते विधान पुरं होत नाही. दुपारी एसीत बसून चालणारं ॲप सात वाजता एसटीच्या दांड्याला लटकून चालेलच असं नाही.

युझर एक्स्पीरियन्स आहे त्याच मालिकेच्या २१० क्रमांकाच्या भागात. तिथे ती माणसाला काय वाटतं आणि तो कसा प्रतिसाद देतो याची व्याख्या आहे. वस्तू वापरताना तर झालंच, पण वापरायच्या नुसत्या अपेक्षेनेही. हा शेवटचा तुकडा फार मोलाचा आहे. म्हणजे ॲप उघडायच्या आधी "आता हे पुन्हा अडकणार" म्हणून पोटात गोळा येतो, तोसुद्धा त्या ॲपचाच अनुभव. पडदा काळा असतानाचा.

स्क्रू_ढिला यांच्या बाजूने एक सांगतो. समाधान हे अंग युजेबिलिटीच्या व्याख्येतही आहेच, त्यामुळे मध्ये भिंत नाही, बांध आहे. बांध कोरणारे शेतकरी दोन्हीकडे असतात.

---

गॅलरीतला · शनिवार, रात्री ९.३०

सोप्या भाषेत बोलू का? साउंडबॉक्स.

आमच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी आहे. यूपीआय २०१६ ला आलं, वर्षा-दोन वर्षांत भाऊंनी क्यूआर चिकटवला. पैसे देणाऱ्याची सोय पहिल्या दिवसापासून चोख. स्कॅन करा, आकडा टाका, पिन टाका. पिनचं ते पान कुठल्याही ॲपमध्ये सारखंच दिसतं, कारण ते यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचं असतं. त्यामुळे ॲप बदललं तरी हात चुकत नाही. ही खरी युजेबिलिटी.

आता भाऊंची बाजू बघा. दोन्ही हात बेसनात. समोर आठ माणसं, प्रत्येक जण मोबाइल नाचवून "झालं बघा" म्हणतोय. भाऊ हात पुसून फोन काढतात, मेसेज आलेला नसतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणावं तर भांडण, हो म्हणावं तर खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळणारे महाभागही आहेतच. रात्री हिशेब जुळेना. मग त्यांनी पाटी लावली: "पैसे आल्याशिवाय वडा मिळणार नाही." पाटीने गिऱ्हाइकं दुखावली.

२०१९ मध्ये पेटीएमने तो बोलका डबा आणला, मग फोनपे वगैरेंनीही आणले. "वीस रुपये प्राप्त झाले." विषय संपला. भाऊ मान वर न करता वडा देतात. पैसे देणाराही मोकळा, कारण त्याला फोन दाखवून आपली लायकी सिद्ध करावी लागत नाही. ॲपच्या पडद्यावर एक टिंबही बदललं नाही, आणि बदललं सगळं.

मधुमालतीताई, तुमच्या काकांना पासबुकाऐवजी असा डबा द्या.

---

टिंबटिंब · शनिवार, रात्री ९.४८

+१. आमच्या इथला भाजीवाला त्या डब्याच्या आवाजाला "आमची लक्ष्मी" म्हणतो.

---

विठ्ठलवाडी_स्लो · रविवार, सकाळी ८.२०

उलटं उदाहरण म्हणजे मुंबईकरांचं एम-इंडिकेटर, लोकलचं वेळापत्रक दाखवणारं ॲप. सचिन टेके यांनी बनवलेलं. दिसायला साधं, म्हणजे डिझाइनच्या कॉलेजात दाखवलं तर प्राध्यापक चष्मा पुसतील. पण वेळापत्रक नेटशिवाय चालतं. पुलावरून धावता धावता, एका हाताने, अंगठ्याने बघता येतं: फास्ट आहे का, किती डब्यांची, कुठल्या प्लॅटफॉर्मवर. लोकलच्या गर्दीत नेट जातं हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं, कारण तोही त्याच गर्दीतला.

मला त्याचं काय वाटतं म्हणाल तर आपलेपणा वाटतो. डोंबिवलीच्या पुढे राहणाऱ्या माणसाला 'सात एक्केचाळीस' हे नातेवाइकाचं नाव वाटतं, आणि ते नाव त्या ॲपमध्ये जसंच्या तसं सापडतं. इथे सोय हाच पाहुणचार. मग तुमचे दोन खण कुठे राहिले?

---

मधुमालती · रविवार, सकाळी १०.०५

मस्त उदाहरण. सोय वेळेवर मिळाली की तोच पाहुणचार होतो, मान्य. तहानलेल्याला आधी पाणी द्यायचं, गुलाबदाणी नंतर.

खण मात्र राहतात. गाडी रद्द झाली, तर ॲप तितकंच सोयीचं असूनही तुमची सकाळ वाईट जाते.

---

विठ्ठलवाडी_स्लो · रविवार, सकाळी १०.१२

त्याला ॲप काय करणार!

---

मधुमालती · रविवार, सकाळी १०.१५

तेच म्हणतेय. अनुभवाचा मोठा भाग ॲप बनवणाऱ्याच्या हातातच नसतो.

---

रफारवाला · रविवार, दुपारी १२.५०

थोडं अवांतर, पण विषय युजेबिलिटीचा निघालाच आहे तर मराठीचं रडगाणं गाऊन घेतो.

बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवतात आणि मग त्यात मराठी ओततात. आपल्या अक्षरांना वर रफार-वेलांट्या, खाली उकार-रुकार. माप कमी पडलं की वरचं-खालचं छाटलं जातं. एका सरकारी नव्हे, खाजगी फॉर्मवर मी "अर्ज करा" हे बटण बघितलं, रफार कापलेला. "अज करा." अज म्हणजे बोकड. त्याच फॉर्मवर खाली "मूळ पत्ता"चा ऊकार गेला होता आणि उरलं होतं "मळ पत्ता". मी ते स्टेटसला ठेवलं होतं.

ओळीची उंची थोडी वाढवली की हे सुटतं. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे आपला ल आणि श. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल असतो, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं नसेल तर हिंदी वळणाचा येतो. वाचायला अडत नाही. काम होतं, वेळ तेवढाच लागतो, चूकही होत नाही. म्हणजे युजेबिलिटी शाबूत. पण आमच्या तीर्थरूपांनी चष्मा सावरून एक वाक्य टाकलं: "हे आपल्यासाठी केलेलं नाही, दुसऱ्याचं उरलेलं आपल्याला दिलंय."

---

कोयनाकाठ · रविवार, दुपारी १.२०

@रफारवाला, हे अवांतर नाही. तुमच्या तीर्थरूपांना पुढच्या मीटिंगला पाठवा.

---

पारिजात_दारी · रविवार, संध्याकाळी ५.३५

मी वापरणारी, बनवणारी नाही. तरी बोलते.

एका ठिकाणी महिन्याचं सदस्यत्व घेतलं होतं. घ्यायला एक बटण, अक्षरशः एक. कार्ड आधीच साठवलेलं. मुलगी म्हणाली, "आई, किती सोपं!" बंद करायला गेले तेव्हा प्रोफाइल, मग सेटिंग, मग बिलिंग, मग "तुम्ही खरंच जाताय?", मग रडका चेहरा, मग "तीन महिने अर्ध्या किमतीत राहा", मग फिकट राखाडी अक्षरांत "नको, मला नुकसान चालेल". हे शेवटचं वाचून तर संतापच आला. माझ्या तोंडी माझा अपमान! तोपर्यंत पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले होते.

आता सांगा, पहिलं बटण युजेबिलिटीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवेल ना?

---

कोयनाकाठ · रविवार, संध्याकाळी ६.१०

मिळवेल. म्हणूनच या प्रकाराला वेगळं नाव पडलं. हॅरी ब्रिग्नल या युएक्सवाल्यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि तेरा प्रकार नावानिशी दिले. सदस्यत्वाचा सापळा त्यात आहे, आणि पारिजातताई, तुम्हाला ज्याचा संताप आला ना, ते नकार देणाऱ्याला लाजवणं, तेही वेगळा प्रकार म्हणून आहे. टोपलीत गुपचूप जादा वस्तू सरकवणं, "दोनच उरलेत, त्वरा करा" ही खोटी घाई, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, हे बाकीचे भाऊबंद.

डार्क पॅटर्न बनवणाऱ्याला युजेबिलिटी उत्तम येत असते. कुठे हात आपोआप जाईल हे त्याला माहीत असतं, म्हणून तर कुठे जाऊ नये हेही त्याला ठरवता येतं.

---

स्क्रू_ढिला · रविवार, रात्री ८.००

कबूल करतो, असं राखाडी बटण मी केलेलं आहे. मॅनेजरने आकडा दाखवला होता: रद्द करणारे कमी झाले. कमी झाले कारण त्यांना दार सापडत नव्हतं. तेव्हा मला हे युएक्सचं यश म्हणून सांगितलं गेलं. पारिजातताई, क्षमस्व.

पण मग त्याच न्यायाने विचारतो. धंद्याला अनुभवाचं काय पडलंय? आकडे तर युजेबिलिटीतूनच येतात.

---

मधुमालती · रविवार, रात्री ९.१५

येतात की अनुभवातूनही. युजेबिलिटीचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितलेली गोष्ट या धंद्यात सगळ्यांना पाठ असते, तरी पुन्हा सांगते. एका मोठ्या खरेदीच्या साइटवर टोपली भरून पुढे गेलं की एक छोटा फॉर्म यायचा. दोन रकाने, ईमेल आणि पासवर्ड. दोन बटणं, लॉगिन आणि नोंदणी. एवढंच. याहून सुटसुटीत काय असणार? पण नवीन माणसं तिथेच चिडायची. वस्तू घ्यायला आलो, पैसे द्यायला तयार आहे, आणि हे म्हणतात आधी नाव नोंदवा. जुनी माणसं कुठल्या ईमेलने नोंदणी केली होती ते विसरलेली. साइटवाल्यांनी 'नोंदणी'चं बटण काढून 'पुढे जा' ठेवलं आणि खाली एक ओळ लिहिली की खरेदीसाठी खातं काढायची गरज नाही. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्या वर्षात तीस कोटी डॉलर जास्त आले.

फॉर्म भरता येत होता का? येत होता. भरायला लावणंच माणसाला खुपत होतं. स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्याला हे दिसलं नसतं, शेजारी बसणाऱ्याला दिसलं.

---

उकडीचा · सोमवार, सकाळी ७.४५

उशिरा आलो. धागा आवडला, पण मंगल कार्यालयाची उपमा मला खटकली आणि रात्रभर खटकत राहिली.

पाहुणचार यजमान करतो. अनुभव पाहुण्याला येतो. दोन्ही एक नव्हेत. माझ्या मेहुणीच्या लग्नात आग्रह इतका झाला की मधुमेहाचे काका उठून गेले. यजमानाच्या मते कडक पाहुणचार, काकांच्या मते छळ. वर कोयनाकाठ यांनी मानकातली व्याख्या दिलीय, त्यातसुद्धा अनुभव माणसाला 'वाटण्यात' आहे, वस्तूत नाही. मग "आम्ही युएक्स डिझाइन करतो" हे वाक्यच चुकीचं नाही का? शेतकरी पाऊस डिझाइन करतो म्हणण्यासारखं आहे. तो बांध घालेल, पेरणीची वेळ साधेल.

ॲपवाल्यांचाही आग्रह बघा. रक्कम भरून झाली की चांदण्या उडतात, ढोल वाजतो, "अभिनंदन" येतं. मी वीजबिल भरलंय हो, मला मुलगा नाही झाला.

---

टिंबटिंब · सोमवार, सकाळी ७.५२

"मला मुलगा नाही झाला" :)) चहा सांडला.

---

मधुमालती · सोमवार, सकाळी ९.३०

@उकडीचा, बरोबर पकडलंत. उपमा मागे घेते. निदान अर्धी. सोय यजमानाच्या हातात, आणि ती मोजता येते. पाहुणचाराचा प्रयत्नही त्याच्या हातात. वाटणं मात्र पाहुण्याचं. क्लायंटपुढे हे असं बोलले तर काम मिळणार नाही, पण इथे बोलायला हरकत नाही.

---

नवी_पाटी · सोमवार, दुपारी २.१०

नमस्कार, मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये "युएक्स सुधारला" असं लिहिलं की सर विचारतात, कशावरून? युजेबिलिटी मोजता येते म्हणालात, अनुभव कसा मोजायचा? आणि पाच माणसं खरंच पुरतात का?

---

मधुमालती · सोमवार, दुपारी ३.४५

@नवी_पाटी, सर योग्य विचारतात.

युजेबिलिटीसाठी: काम पुरं झालं का, किती वेळ लागला, किती चुका. सोबत जॉन ब्रूक यांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली वापर, १९८६ ची आहे आणि अजून चालते. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५, शेवटी शंभरपैकी गुण. सरासरी साधारण ६८ येते. ते टक्के नव्हेत. ६८ म्हणजे फर्स्ट क्लास नाही, मधोमध. मराठीत करून घेताना विधानं घरातल्या मोठ्यांना वाचायला दे. "मला ही प्रणाली अनावश्यक जटिल वाटली" असलं वाक्य ऐकून ते तुझ्याकडे बघत बसतील. "उगाच किचकट आहे" असं लिही.

पाच माणसांचं म्हणशील, तर नील्सन आणि लँडॉर यांच्या १९९३ च्या गणितातून ते आलं. एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच जण ८५ टक्क्यांपर्यंत नेतात. अडचणी शोधायला पाच पुरतात. "इतके टक्के लोकांना जमलं" असं छापायला अजिबात पुरत नाहीत. आणि पाचही जण तुझ्या वर्गातले असतील तर एकच माणूस पाचदा बसवल्यासारखं होईल.

अनुभवाला एकच आकडा नाही. मी आता एक करते: चाचणी झाल्यावर आठवड्याने फोन. "त्या दिवशी काय केलं होतं आपण?" एवढाच प्रश्न. लोक काय सांगतात त्यापेक्षा काय गाळतात ते टिपते. आणि जिथे ते वस्तू वापरतात तिथे जाऊन बसते. पतसंस्थेचं काम करताना मी हे केलं नव्हतं. मीटिंगच्या खोलीत, वायफायवर, चहा देऊन चाचणी घेतली. शाखेत एक सकाळ बसले असते तर पासबुकांच्या पिशव्या पहिल्या दिवशीच दिसल्या असत्या.

---

रफारवाला · सोमवार, दुपारी ४.२०

आठवड्याने फोन हे आवडलं. मानसशास्त्रज्ञ काहनेमान आणि डॉक्टर रेडेलमायर यांचं १९९६ चं काम आहे ना, कोलोनोस्कोपीच्या रुग्णांवर? किती वेळ दुखलं हे लोकांच्या फारसं लक्षात राहिलं नाही. सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवट, यावरून एकंदर त्रास किती हे ठरलं. ॲपचा शेवटचा पडदा म्हणून महत्त्वाचा. जेवण कसंही असो, विडा चांगला हवा.

(कोलोनोस्कोपी आणि विडा एका परिच्छेदात आल्याबद्दल माफी.)

---

गॅलरीतला · सोमवार, रात्री १०.०५

ते सगळं ठीक. पण शीर्षकातला प्रश्न तसाच राहिला. काकांच्या रांगेचं पुढे काय झालं?

---

मधुमालती · मंगळवार, सकाळी ११.२०

हो, सांगायचंच राहिलं.

मी संस्थेला दोन गोष्टी सुचवल्या. एक, पैसे पोचले की मराठीत मेसेज जावा, त्यात घेणाऱ्याचं नाव आणि आपली शिल्लक. संदर्भ क्रमांक खाली, बारीक. दुसरं, ॲपमधला व्यवहारांचा तक्ता अगदी पासबुकासारखा दिसावा: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. आधी आम्ही हौसेने तिथे रंगीत गोल आणि बाण टाकले होते. मेसेज लागू झाला. तक्ता अजून "पुढच्या आवृत्तीत" आहे.

संस्थेने स्वतःच्या डोक्याने तिसरंच केलं. पासबुक छापायचं यंत्र आणून दाराशी ठेवलं, म्हणजे खिडकीवरची गर्दी कमी होईल. मागच्या महिन्यात मी मुद्दाम बघायला गेले. खिडकीपुढे खरंच कुणी नव्हतं. यंत्रापुढे चौदा माणसं. पासबुकावरचा बारकोड ठरावीक बाजूने गेला नाही तर यंत्र पान परत ढकलतं, आणि कुठली बाजू ते दाखवणारं चित्र यंत्राच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर चिकटवलंय. त्यामुळे सुरक्षारक्षक मामा सकाळी दहापासून सगळ्यांची पासबुकं हातात घेऊन एकेक आत घालतात.

मी उभी होते तेवढ्यात एका आजींचं पासबुक बाहेर आलं. मामांनी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "आठ तारखेला गेलेत बघा, सुनेच्या खात्यात." आजींनी विचारलं, "मिळाले असतील ना तिला?" मामा म्हणाले, "मिळाले." आजी निघाल्या. पासबुक त्यांनी न बघताच पिशवीत घातलं.